नरक कायमचा असतो का? अमेरिकेत पेटलेल्या वादाची नगर आणि केडगावमधली जुनी गोष्ट

डिसेंबर २०२५ मध्ये कर्क कॅमेरॉन या अमेरिकन अभिनेत्याने आपल्या पॉडकास्टवर एक शंका बोलून दाखवली. पापी माणूस नरकात अनंतकाळ जळत राहतो, असं बायबल खरंच सांगतं का? की शिक्षा झाल्यावर शेवटी तो संपून जातो, असं बायबलचं म्हणणं आहे? कॅमेरॉन यांचा कल दुसऱ्या बाजूला होता.

ऐंशीच्या दशकात 'ग्रोइंग पेन्स' या मालिकेमुळे ते अमेरिकेत घराघरांत पोहोचले होते. नंतर ते धर्मप्रचाराकडे वळले. बायबलचा शब्द न् शब्द मानणाऱ्या गटातलं ते मोठं नाव. त्यामुळे हल्ला झाला तो त्यांच्याच गोटातून. कुणी त्यांना भरकटलेले म्हटलं, कुणी उत्तरादाखल तासातासाचे व्हिडिओ टाकले.

त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इटलीतल्या एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलं होतं की, नरक रिकामा आहे असा विचार करायला आपल्याला आवडतं. ही चर्चची शिकवण नाही, आपलं वैयक्तिक मत आहे, असंही ते म्हणाले होते. तरी गदारोळ झालाच.

या बातम्यांच्या क्लिप मराठी फीडवर आल्या की खाली कमेंट ठरलेल्या असतात. 'म्हणजे यांच्या मते आपण सगळे नरकात', 'आधी घाबरवायचं, मग धर्म बदलायचा', आणि दुसऱ्या बाजूने, 'बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय, विषय संपला'. दोन्ही बाजूंना वाटतं की हा वाद परदेशातला आहे आणि आता आपल्याकडे आलाय.

पण या वादाचा एक मोठा अंक महाराष्ट्रावरूनच रंगला होता. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात बेल्हे आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा रस्ता आळेफाटा, बेल्हे करत पुढे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो. बेल्ह्याहून दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. नरक कायमचा की नाही, या प्रश्नावर १८८० च्या दशकात नगरच्या एका मिशनऱ्याची नोकरी जवळपास गेली होती. त्याच दशकात, पुढे केडगावला स्थायिक झालेल्या एका पंडितेने इंग्लंडमधल्या धर्मगुरूंना सांगितलं होतं की तुमचं प्रत्येक वाक्य मी मान्य करणार नाही.

आधी शब्दांचं प्रकरण

हा वाद समजायचा तर बायबलमधले दोन-तीन शब्द माहीत हवेत. बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्यात मेलेली माणसं जिथे जातात त्या जागेला 'शिओल' म्हटलंय. तिथे चांगले-वाईट सगळेच जातात. नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि तिथे याला जुळणारा शब्द 'हेडीस'. तिसरा शब्द 'गेहेन्ना'. हे मुळात जेरुसलेमजवळच्या एका खोऱ्याचं नाव. तिथे पूर्वी लहान मुलांचे बळी दिले जात, म्हणून ती जागा शापित मानली गेली. येशू शिक्षेबद्दल बोलतो तेव्हा हा शब्द येतो. (त्या खोऱ्यात शहराचा कचरा सतत जळत असे, ही गोष्ट प्रवचनांत खूप सांगतात. तिचा सापडणारा जुना उल्लेख मात्र इसवी सन १२०० च्या आसपासचा, म्हणजे येशूनंतर हजारेक वर्षांचा आहे.)

१६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात या तिन्ही शब्दांसाठी बऱ्याच ठिकाणी एकच शब्द वापरला गेला, 'हेल'. मराठी बायबल इथे जास्त काटेकोर आहे. प्रचलित मराठी भाषांतरात शिओल आणि हेडीससाठी 'अधोलोक' आणि गेहेन्नासाठी 'नरक' असे वेगळे शब्द सापडतात.

खरी अडचण चौथ्या शब्दाची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायाच्या शेवटी न्यायाचं वर्णन येतं. तिथे शिक्षा आणि जीवन या दोन्हींना एकच ग्रीक विशेषण लावलंय, 'आयोनियोस'. मराठीत ते झालं 'सार्वकालिक'. हा शब्द 'आयोन' म्हणजे युग, काळ यावरून आलाय. एक पक्ष म्हणतो, याचा अर्थ येणाऱ्या युगातली शिक्षा, कधीच न संपणारी असं नाही. दुसरा पक्ष पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनचा दाखला देतो. त्याचा युक्तिवाद सोपा होता: एकाच वाक्यात एकच शब्द आहे, मग शिक्षा तात्पुरती धरलीत तर स्वर्गातलं जीवनही तात्पुरतं धरावं लागेल. तिसरा पक्ष म्हणतो की शिक्षेचा परिणाम कायमचा असतो, शिक्षा भोगणं नव्हे. जळून राख झालेली वस्तू कायमची गेली, पण ती कायमची जळत नाही. कॅमेरॉन या तिसऱ्या पक्षाकडे झुकले.

म्हणजे 'बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय' असं म्हणणाऱ्याने आधी कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ धरलाय ते सांगायला हवं. सगळे पक्ष बायबलच उघडून बसलेत. चर्चच्या इतिहासात ऑगस्टीनची बाजू बहुमताची राहिली, हेही खरं. त्याच्या आधी तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या पंडिताने शेवटी सगळ्यांचीच सुटका होईल अशी आशा मांडली होती आणि सहाव्या शतकात चर्चने त्याच्या नावे चाललेल्या शिकवणुकीचा धिक्कार केला.

नगरचे ह्यूम साहेब

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतला. आईवडील अमेरिकन मिशनरी. शिक्षण अमेरिकेत झालं, येल आणि मग अँडोव्हर या धर्मशिक्षणाच्या संस्थेत. १८७४ पासून ते नगरला होते. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ पासून चालू होतं आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघालं होतं. ह्यूम यांनी १८७८ मध्ये तिथे धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली. पुढे कवी नारायण वामन टिळक तिथे शिकवायला होते. ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचलंय त्यांना ह्यूम हे नाव नवीन नाही.

१८८० च्या दशकात अँडोव्हरच्या प्राध्यापकांनी एक प्रश्न काढला. ज्या माणसाने आयुष्यात कधी येशूचं नावच ऐकलं नाही, त्याला देव कायमच्या नरकात टाकेल का? की त्याला मेल्यावर तरी एक संधी मिळेल? प्राध्यापकांचं म्हणणं होतं की न्यायी देवाकडून संधीची अपेक्षा ठेवायला जागा आहे. यावर अमेरिकेत रान पेटलं.

यात नगरचा संबंध काय? ह्यूम त्या सुमारास रजेवर अमेरिकेत होते. १८८६ मध्ये त्यांनी अँडोव्हरच्या व्यासपीठावर या मताबद्दल सहानुभूती दाखवली. त्यांना पाठवणारी संस्था होती अमेरिकन बोर्ड. तिच्या समितीने त्यांना भारतात परत पाठवायचं थांबवलं. बारा वर्षं मराठी मुलखात काम केलेला, मराठी येणारा माणूस, एका सिद्धान्तावरून अडकून पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेस मॉइन्स शहरात बोर्डाची वार्षिक सभा झाली. मेल्यावर मिळणाऱ्या संधीचा मुद्दा तिथे चांगलाच तापला आणि या मताला बोर्डाची मान्यता आहे असं दिसू नये, याची काळजी समितीने घ्यावी असं ठरलं. ह्यूम यांना शेवटी १८८७ मध्ये परत यायला मिळालं.

विरोधकांना नेमकी भीती कशाची होती? मेल्यावरही संधी असेल तर समुद्रापार माणसं पाठवायची कशाला, वर्गणी द्यायची कशाला? लाखो लोक दररोज नरकात पडताहेत, म्हणून घाई करा, हेच तर मिशनच्या सभांमध्ये सांगून पैसे उभे राहत होते. सिद्धान्ताचा प्रश्न होताच, पण त्याच्या खाली संस्थेच्या खर्चाचा आणि उद्देशाचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या चर्चमध्ये बसून वर्गणी देणाऱ्याला नरकाची आग जितकी उपयोगी होती, तितकीच ती नगरच्या खेड्यात बोलणाऱ्याला अडचणीची होती.

आमच्या आजोबांचं काय?

ही अडचण बेल्ह्यासारख्या गावातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जुन्नर-आंबेगाव भागात दशक्रियेला सगळं गाव लोटतं. प्रवचन होतं, श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि कावळा पिंडाला शिवेपर्यंत लोक जागचे हलत नाहीत. गेलेला माणूस अजून आपल्याशी जोडलेला आहे, त्याच्यासाठी आपण काही करू शकतो, हा त्यामागचा भाव. कुणाच्या घरी गरुडपुराण वाचलं जातं. त्यात रौरव आहे, कुंभीपाक आहे, वर्णनं अंगावर काटा आणणारी आहेत. पण आपल्याकडचा नरक संपतो. पापाचा हिशेब पुरा झाला की जीव पुढच्या जन्माला लागतो. (अपवाद आहे. तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांनी काही जीव कायमच्या अंधारात जातात असं मानलं. कायमच्या शिक्षेची कल्पना भारतात अगदीच अनोळखी होती, असं म्हणता येत नाही.)

मराठी बायबलने हाच 'नरक' शब्द उचलला. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मुदत असलेला नरक आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात बिनमुदतीचा. शब्द एक, अर्थ दोन.

आता १८८० चं खेडं डोळ्यांसमोर आणा. नगर भागात अमेरिकन मिशनकडे आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. नव्या धर्मात शाळा होती, अक्षर होतं, चर्चमध्ये शेजारी बसायची जागा होती. पण बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न स्वतःच्या पापाचा नसतो. माझा बाप, माझी आजी, ज्यांनी हे नावही ऐकलं नाही, ते आता कुठे आहेत? ज्या आजोबांना जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, ते मेल्यावर कायमचे आगीत आहेत असं नव्या धर्माने सांगायचं, तर ही सुटका कसली? जपानपासून आफ्रिकेपर्यंत मिशनऱ्यांना हा पूर्वजांचा प्रश्न विचारला गेला. अँडोव्हरचे प्राध्यापक तो पुस्तकातून सोडवत होते, ह्यूम ज्या लोकांमध्ये राहत होते त्यांच्यासाठी तो घरातला होता.

ह्यूम यांनी परत आल्यावर आणखी चार दशकं काम केलं. दुष्काळातल्या मदतीसाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. नगर शहरात आजही ह्यूम मेमोरियल चर्च आहे. अमेरिकेतल्या बोर्डाची भूमिकाही पुढच्या काही वर्षांत सैल होत गेली.

एक योगायोग सांगायलाच हवा. इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर सर्वात जास्त गाजलेली प्रवचनं फ्रेडरिक फरार यांची. १८७७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांनी कायमच्या यातनांच्या कल्पनेवर टीका केली आणि १८७८ मध्ये ती प्रवचनं 'इटर्नल होप' नावाने छापली गेली. हे फरार १८३१ मध्ये मुंबईत जन्मले. त्यांचे वडील नाशिकला मिशनरी होते.

गोरे आणि रमाबाई

गोऱ्या लोकांच्या भांडणात मराठी माणूस फक्त ऐकणारा होता, असा समज इथवर वाचून होऊ शकतो. तसं नव्हतं.

नीळकंठशास्त्री गोरे हे कोकणस्थ घराण्यातले, वाढले काशीत. १८३९ मध्ये जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारं पुस्तक संस्कृतात लिहिलं. विशीतल्या गोऱ्यांनी त्याला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथातून उत्तर दिलं. पुनर्जन्म नाही म्हणता, मग जन्मतःच कुणी आंधळा, कुणी दरिद्री का? आणि दोन दिवसांच्या आयुष्यातल्या चुकीला न संपणारी शिक्षा हा कुठला न्याय? आज कमेंटमध्ये जो प्रश्न रागाने विचारला जातो, तो त्यांनी तर्काच्या भाषेत विचारला होता.

पुढे १८४८ मध्ये तेच गोरे ख्रिस्ती झाले, नेहेमाया गोरे. प्रश्नाने मात्र पाठ सोडली नाही. १८६८ मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तिका लिहिली, या वेळी कायमच्या शिक्षेच्या शिकवणुकीवरच्या आक्षेपांना उत्तर म्हणून. आधी आक्षेप घेणारा आणि नंतर त्यांना उत्तर देणारा माणूस एकच. इंग्लंड-अमेरिकेतल्या कुठल्याही पंडिताने हा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी क्वचितच जगला असेल.

गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम झाला पंडिता रमाबाईंवर. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. आश्रय देणाऱ्या जोगिणींना वाटलं, आता त्या चर्चचं सगळं मान्य करतील. रमाबाईंनी वाद घालायला सुरुवात केली. येशूवर माझी श्रद्धा आहे, पण तुमच्या धर्मगुरूंच्या तोंडून येणारा प्रत्येक शब्द मला बंधनकारक नाही, असा त्यांचा पवित्रा होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, ती दुसऱ्याच्या जोखडाखाली जाण्यासाठी नव्हे, हे त्यांनी पत्रांमधून सांगितलं.

त्यांच्या आक्षेपांमध्ये एक होता अथनेशियन मतांगीकाराचा. मतांगीकार म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायचं श्रद्धेचं निवेदन. अथनेशियस या संताच्या नावाने चालणारं हे निवेदन त्रित्वाची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची, बारीक व्याख्या करतं आणि ती तशीच्या तशी न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल अशी तंबी देतं. अँग्लिकन चर्चमध्ये ते वर्षातल्या ठरावीक सणांना म्हणायचा नियम होता. त्या काळी इंग्लंडमधले कितीतरी पाद्रीही ते म्हणताना अडखळत होते. पुराणं मुखोद्गत असलेल्या पंचविशीतल्या रमाबाईंना ते न पटणं फारसं आश्चर्याचं नाही. आश्चर्य आहे ते वेगळंच: ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांच्या पैशांवर शिकायचं, त्यांनाच हे लेखी कळवायचं धाडस. सिस्टर जेराल्डीन चिडल्या, प्राचार्य डोरोथिया बील यांनी समजून घ्यायचा प्रयत्न केला. हा सगळा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपात आलाय आणि तो आजही वाचण्यासारखा आहे.

इथे थांबलं तर रमाबाईंचं चित्र सोयीचं होईल, आधुनिक बंडखोर वगैरे. पण उत्तरायुष्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, त्या बायबलच्या अधिकाराबद्दल अधिकाधिक ठाम होत गेल्या. १९०५ च्या सुमारास मुक्तीत जो धार्मिक उद्रेक झाला, त्यात मुली आपल्या पापांसाठी रात्ररात्र रडत होत्या. रमाबाई नरक नाकारून मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी नाकारलं ते दुसऱ्याने आपल्या वतीने बायबल वाचणं.

म्हणूनच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मुळातून मराठीत आणायला बसल्या. प्रचलित भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, आणि काही शब्दांसोबत जुन्या अर्थांचं ओझं येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी काम पूर्ण झालं. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं आणि १९२४ मध्ये ते बाहेर आलं. संपूर्ण बायबल एकट्या बाईने मूळ भाषांमधून आणल्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मग आज प्रश्न कुठे येऊन थांबलाय?

पोलीस ठाण्यात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण ओडिशाच्या १९६७ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात 'बळजबरी' या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही धरलेली आहे. हा कायदा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरवले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात दैवी कोप 'आमिष' या व्याख्येत येतो. महाराष्ट्रात सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करायला फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली होती.

त्यामुळे 'विश्वास ठेवला नाहीस तर नरकात जाशील' हे वाक्य अमेरिकेत पॉडकास्टचा विषय होतं, तर भारतातल्या काही राज्यांत त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आता ते वाक्य म्हणजे धमकी की श्रद्धा? बोलणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असेल, तर त्याच्या लेखी ती धोक्याची सूचना आहे. ऐकणारा आजारी, कर्जबाजारी किंवा एकटा असेल, तर त्याच्यावर तो दबाव ठरू शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि कायद्याच्या व्याख्येत त्यांच्यासाठी एकच खाना आहे. शिवाय नियम लावायचाच तर तो सगळ्यांना लावावा लागेल. दैवी कोपाची भीती दाखवणारे बुवा, महाराज आणि 'हा मेसेज दहा जणांना पाठवा नाहीतर' वाले फॉरवर्ड कुठल्या एका धर्माचे नाहीत.

आणि ज्यांना वाटतं की सगळे ख्रिस्ती एकच गोष्ट मानतात, त्यांच्यासाठी एक नोंद. ह्यूम ज्या परंपरेतले होते ती आणि रमाबाईंना बाप्तिस्मा देणारी अँग्लिकन परंपरा, या दोन्हींच्या उत्तर भारतातल्या शाखा १९७० मध्ये नागपुरात इतर काही चर्चसोबत एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. नगर आणि पुण्यातली अनेक जुनी चर्च आज त्यातच आहेत. तिथे रविवारी वाचल्या जाणाऱ्या मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला शब्द अजून 'सार्वकालिक'च आहे. त्याचा अर्थ काय लावायचा, हे वाचणाऱ्यांमध्ये आजही एकमताने ठरलेलं नाही.